रिसर्चच्या कोडमधली पॅकेजेस आणि व्हर्जन्स कशी सांभाळायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएस्सी प्रोजेक्ट, पीएचडी किंवा लॅबच्या कामात पायथन नाहीतर आर वापरून ॲनालिसिस करणाऱ्यांसाठी हे लिहिलंय. सॉफ्टवेअर इंजिनिअर असायची अजिबात गरज नाही. सगळं क्रमाने वाचलंच पाहिजे असंही नाही, पण लॉक फाइलचं आणि शेवटचं उत्तर सोडू नका.

डिपेन्डन्सीमध्ये नक्की काय काय धरायचं?

डिपेन्डन्सी म्हणजे तुमचा कोड चालायला जे जे लागतं ते. कोडच्या वरती इम्पोर्ट म्हणून जे लिहिलंय ते तर आहेच, पण ते फार वरचं झालं. तुम्ही टेबलांसाठी पांडाज घेता, पांडाजला आकडेमोडीसाठी नमपाय लागतं, नमपायच्या आत मॅट्रिक्सची गणितं करणारं ओपनब्लास किंवा एमकेएल असतं, त्याच्याही खाली ऑपरेटिंग सिस्टीमची सी लायब्ररी, आणि जीपीयू असेल तर त्यावर गणितं चालवणारं कुडा आणि जीपीयूचा ड्रायव्हर. पायथनचं किंवा आरचं स्वतःचं व्हर्जन हीसुद्धा डिपेन्डन्सीच, आणि नेमकं तेच लिहायचं राहून जातं. शिवाय स्क्रिप्टमधून बाहेरचे प्रोग्राम बोलावलेले असतात, जीनोमिक्सवाले सॅमटूल्स, ब्लास्ट वापरतात, नकाशेवाले जीडॅल वापरतात, हे इम्पोर्टच्या ओळींत दिसतच नाहीत त्यामुळे यादीतून हमखास सुटतात.

कोड तोच, डेटा तोच, मग नुसतं व्हर्जन बदलल्याने निकाल कसा बदलेल?

बदलतो, आणि एकही एरर न येता बदलतो, हाच सगळ्यात वाईट भाग आहे.

आरचं उदाहरण स्वतः करून बघण्यासारखं आहे. सेट-सीड ४२ द्या (सीड म्हणजे रँडम आकडे दर वेळी त्याच क्रमाने यावेत म्हणून दिलेला सुरुवातीचा आकडा) आणि १ ते १० आकड्यांवर सॅम्पल चालवा, म्हणजे ते रँडम क्रमाने निवडले जातात. आर ३.५ वर उत्तर येतं १०, ९, ३, ६, ४, ८, ५, १, २, ७. आर ३.६ किंवा त्यापुढच्या कुठल्याही व्हर्जनवर तीच ओळ देते १, ५, १०, ८, २, ४, ६, ९, ७, ३. सीड तोच, ओळ तीच. एप्रिल २०१९ मध्ये ३.६.० आलं तेव्हा सॅम्पल फंक्शनची आतली पद्धत बदलली, कारण जुनी पद्धत खूप मोठ्या यादीतून निवड करताना पूर्णपणे समान संधी देत नव्हती. म्हणजे बदल योग्यच होता, पण ज्याने २०१८ मध्ये सीड देऊन पेशंटचे दोन गट पाडले असतील त्याचे गट आज वेगळे पडणार, आणि पुढचे सगळे आकडे त्या गटांवर उभे आहेत. जुनी पद्धत परत आणता येते, आरएनजीकाइंडमध्ये सॅम्पल-काइंड राउंडिंग असं सांगायचं, पण त्यासाठी मुळात जुन्या आरवर काम झालं होतं हे कुणीतरी लिहून ठेवलेलं पाहिजे ना.

पायथनवाल्यांसाठी सायकिट-लर्न या मशीन लर्निंगच्या पॅकेजचं ०.२२ बघा, डिसेंबर २०१९ चं. रँडम फॉरेस्टमध्ये झाडांची संख्या सांगितली नाही तर आधी १० झाडं घ्यायचं, ०.२२ पासून १०० घेतं. लॉजिस्टिक रिग्रेशनचा डिफॉल्ट सॉल्व्हर बदलला, एसव्हीसीचा गॅमा बदलला. तुम्ही कोडला हातही न लावता मॉडेल वेगळं झालं. म्हणून माझं मत असं की ज्या पॅरामीटरवर निकाल अवलंबून आहे तो डिफॉल्ट असला तरी स्वतः हाताने लिहायचा.

आणि हे फक्त मशीन लर्निंगमध्ये होतं असं समजू नका. मेंदूच्या एमआरआयवरून भागांचं आकारमान मोजणारं फ्रीसर्फर नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्याच्या व्हर्जन्सची तुलना २०१२ मध्ये प्लॉस वन या जर्नलमध्ये छापून आली. तेच स्कॅन ५.० मध्ये आणि आधीच्या दोन व्हर्जनमध्ये घातल्यावर आकारमानात सरासरी ८.८ टक्के फरक. ऑपरेटिंग सिस्टीम बदलल्यावरही फरक पडत होता, त्याहून कमी, पण पडत होता. आजारामुळे मेंदू आक्रसतोय का हे बघणाऱ्या अभ्यासात एवढा फरक सॉफ्टवेअरमुळेच आला तर काय मोजलं म्हणायचं.

पण काही बिघडलं तर एरर येईलच की?

एरर आली तर बरंच. नमपायने एनपी डॉट फ्लोट हे नाव १.२० मध्ये जुनं ठरवलं आणि १.२४ मध्ये काढून टाकलं, त्यामुळे शेकडो जुन्या स्क्रिप्ट थांबल्या, लोक वैतागले, पण थांबल्या म्हणजे कळलं तरी. वरची सगळी उदाहरणं चुपचाप चालत राहतात.

हा प्रॉब्लेम खरंच एवढा कॉमन आहे का?

हो. २०१९ मध्ये गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरच्या ज्युपिटर नोटबुक्सचा, म्हणजे कोड आणि त्याची उत्तरं एकत्र ठेवणाऱ्या फाइल्सचा, एक मोठा अभ्यास झाला, त्यात सुमारे साडेआठ लाख नोटबुक चालवून बघितल्या, विना-एरर शेवटपर्यंत गेल्या २४ टक्के, आणि मूळ नोटबुकमध्ये सेव्ह असलेलंच उत्तर परत आलं ते फक्त ४ टक्क्यांत. आरवाले यात मागे नाहीत, हार्वर्ड डेटाव्हर्स या डेटा ठेवायच्या साइटवर पेपरसोबत ठेवलेल्या ९००० पेक्षा जास्त आर फाइल्स २०२२ च्या एका अभ्यासात चालवल्या तर ७४ टक्के पहिल्या झटक्यात पडल्या, कोड थोडा साफसूफ केल्यावरही ५६ टक्के पडल्याच. लक्षात घ्या, या लोकांनी कोड प्रामाणिकपणे शेअर केलेला होता. न शेअर केलेल्यांचं तर मोजताच येत नाही.

मी पिप फ्रीझ करून रिक्वायरमेंट्स फाइल टाकलीय, पुरे ना?

पिप हे पायथनची पॅकेजेस बसवायचं टूल, आणि पिप फ्रीझ म्हणजे बसवलेल्या पॅकेजेसची व्हर्जनसकट यादी. काहीच नसण्यापेक्षा खूप चांगलं, पण पुरे नाही. ती फाइल एकदा उघडून बघा. कोंडा या दुसऱ्या पॅकेज टूलच्या आत पिप फ्रीझ केलं असेल तर बऱ्याचदा नमपायच्या पुढे व्हर्जन नसतंच, ॲट द रेट फाइल असं लिहून एक लांबलचक पाथ असतो, आणि तो फोल्डर पॅकेज जिथे बिल्ड झालं त्या मशीनवरचा असतो, तुमच्याकडेही नाही आणि रिव्ह्यूअरकडेही नाही. दुसरं म्हणजे त्यात पायथनचं व्हर्जन नसतं. तिसरं, तुम्ही स्वतः मागितलेली पाच-सात पॅकेजेस आणि त्यांच्यामागून आलेली ऐंशी यांची सरमिसळ झालेली असते, त्यामुळे दोन वर्षांनी यातलं काय खरंच लागतं हे कुणालाच सांगता येत नाही. आणि सगळ्या प्रोजेक्टसाठी एकच पायथन वापरत असाल तर त्यात फ्लास्कपासून यूट्यूब डाउनलोडरपर्यंत सगळं येतं.

याच्या उलट टोकाला काही जण फक्त नावं लिहितात, नमपाय, पांडाज, सायपाय, व्हर्जनशिवाय. ती यादी दर महिन्याला वेगळा अर्थ देते.

मग लॉक फाइल म्हणजे काय?

दोन फाइल्स ठेवायच्या, दोन्हींचं काम वेगळं. पहिली छोटी, माणसाने लिहिलेली: आम्हाला पायथन ३.११ पाहिजे, पांडाज २ च्या घरातलं कुठलंही चालेल, सायपाय १.१० च्या पुढचं. दुसरी मोठी, टूलने बनवलेली: आज नेमकं काय बसलं. त्यात प्रत्येक पॅकेजचं नाव, पूर्ण व्हर्जन, म्हणजे २.२ एवढंच नाही तर २.२.३, ते कुठून उतरवलं, आणि डाउनलोड झालेल्या फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे ६४ अक्षरांची एक ओळख. सर्व्हरवरची फाइल एका बाइटने जरी बदलली तरी हॅश जुळत नाही आणि इन्स्टॉल थांबतं. ही दुसरी ती लॉक फाइल.

लॉक फाइल हाताने एडिट करायची नाही, आणि ती गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये) कमिट करायची, म्हणजे नोंदवून ठेवायची. खूप जण ती गिटइग्नोअरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या यादीत, टाकतात कारण ‘ती काय ऑटोमॅटिक बनते’. ऑटोमॅटिक बनते हे खरं, पण उद्या बनवलेली वेगळी असेल, तुम्हाला आजची पाहिजे.

कमिट कधी करायची? पॅकेज टाकलं त्याच दिवशी. पेपर सबमिट करायच्या आदल्या रात्री बनवलेल्या लॉक फाइलमध्ये त्या रात्रीचा लॅपटॉप असतो, फिगर २ ज्यांच्यावर बनली ती आठ महिन्यांपूर्वीची पॅकेजेस त्यात नसतात.

व्हेन्व्ह, कोंडा, पोएट्री, यूव्ही, एवढी टूल्स आहेत, घेऊ कुठलं?

शुद्ध पायथनचं काम असेल तर आत्ता माझी पसंती यूव्हीला आहे. २०२४ मध्ये आलं, खूप फास्ट आहे, पायथनचं व्हर्जनही तेच उतरवून देतं आणि लॉक फाइल आपोआप बनते. पोएट्री आधीपासून वापरत असाल तर उगाच बदलू नका, तेही लॉक करतंच. साधं व्हेन्व्ह आणि पिप-टूल्स एवढ्यावरही व्यवस्थित भागतं.

जीडॅल, एचडीएफ५, आर आणि पायथन एकत्र, असलं पायथनबाहेरचं काही लागत असेल तर कोंडा घ्या, कारण ते सी आणि फोर्ट्रानच्या लायब्रऱ्याही सांभाळतं. फक्त कोंडाचा नुसता एक्स्पोर्ट दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालत नाही, त्यात बिल्डचे तपशील असतात जे विंडोजचे वेगळे, मॅकचे वेगळे. फ्रॉम-हिस्टरी फ्लॅग दिला तर फक्त तुम्ही मागितलेली नावं येतात, ती झाली पहिली छोटी फाइल, आणि लॉकसाठी कोंडा-लॉक किंवा पिक्सी वापरायचं, ते सगळ्या सिस्टीमसाठी एकदम लॉक करतात. पिप आणि कोंडा मिसळायचं असेल तर आधी कोंडाचं सगळं, मग पिपचं, आणि त्यानंतर परत कोंडाकडे वळायचं नाही.

अजून एक. २०० पेक्षा जास्त माणसं असलेल्या संस्थांसाठी ॲनाकोंडाच्या डिफॉल्ट चॅनलला पैशांच्या अटी आहेत, शिक्षणासाठीच्या सवलती काय आहेत ते तुमच्या संस्थेत नीट वाचून घ्या. मिनीफोर्ज टाकून कोंडा-फोर्ज चॅनल वापरलं की हा विषयच येत नाही.

आरवाल्यांनी काय करायचं?

आर-एन्व्ह हे पॅकेज घ्या, ते आरसाठी लॉक फाइल बनवतं. इनिट, काम, स्नॅपशॉट, आणि दुसऱ्या मशीनवर रिस्टोर. खटकतं एवढंच की आर-एन्व्ह आरचं व्हर्जन फक्त लिहून ठेवतं, बसवून देत नाही, ते तुम्हाला बसवावं लागतं. आणि आरच्या पॅकेजेसचं भांडार असलेल्या क्रॅनवर जुन्या पॅकेजचा सोर्स कायम मिळतो पण विंडोज-मॅकसाठी तयार (आधीच कंपाइल केलेल्या) बायनरी जुन्या व्हर्जनच्या मिळत नाहीत, त्यामुळे रिस्टोर करताना कंपायलर लागतो, मॅकवर जी-फोर्ट्रानपाशी लोक हमखास अडकतात. पॉझिट कंपनीचा पब्लिक पॅकेज मॅनेजर तारखेनुसार क्रॅन दाखवतो, त्यात बायनरीही मिळतात, तो वापरला तर हा त्रास बराच कमी होतो.

मात्र कुणा एकाच्या सर्व्हरवर सगळं सोडू नका. मायक्रोसॉफ्टचं एमरॅन हेच करायचं, रोजचा क्रॅन जपायचं, १ जुलै २०२३ ला ते बंद झालं आणि त्याचा पत्ता लिहून ठेवलेल्या स्क्रिप्ट अडकल्या.

सगळं लॉक करून ठेवलं तर अपडेट कधीच करायचं नाही का?

करायचं, ठरवून करायचं. एक पेपर किंवा थीसिसचं एक चॅप्टर चालू असताना लॉक हलवायचा नाही. ते संपलं की वेगळ्या ब्रँचवर अपडेट, सगळे आकडे परत काढून जुन्यांशी ताडायचे, फरक पडला तर का पडला ते लिहायचं. पाच वर्षं काहीच अपडेट न केलेला प्रोजेक्ट नंतर एका फटक्यात वर आणणं फार अवघड जातं, नमपाय २.० जून २०२४ मध्ये आलं तेव्हा १.एक्सवर कंपाइल झालेली किती पॅकेजेस पडली ते आठवत असेल.

डॉकर वापरलंच पाहिजे का?

नाही. डॉकर म्हणजे कोड, पॅकेजेस आणि सिस्टीम लायब्रऱ्या सगळं एका डब्यात (कंटेनरमध्ये) भरून चालवणारं टूल, त्या डब्याचा साचा म्हणजे इमेज, आणि ती कशी बनवायची ते डॉकरफाइलमध्ये लिहितात. लहान प्रोजेक्टला लॉक फाइल पुरते. सिस्टीम लायब्रऱ्या जास्त असतील, किंवा चार टूल्स चार भाषांतली असतील, तेव्हा घ्या.

घेतलंत तर एक गैरसमज सोडा: डॉकरफाइल आहे म्हणजे झालं, असं नसतं. पहिल्या ओळीत पायथन ३.११ लिहिलं तर तो टॅग सरकत राहतो, आज एक इमेज, सहा महिन्यांनी दुसरी. खाली ॲप्ट-गेट अपडेट (लिनक्सची पॅकेजयादी ताजी करणारी कमांड) आहे, म्हणजे ज्या दिवशी बिल्ड कराल त्या दिवशीची पॅकेजेस येणार. आणि मग पिप इन्स्टॉल पांडाज, व्हर्जनशिवाय. अशी डॉकरफाइल म्हणजे परत तीच नुसत्या नावांची यादी. बेस इमेज टॅगऐवजी एसएचए-२५६ डायजेस्टने (म्हणजे इमेजच्या हॅशने) लिहा, आत लॉक फाइल वापरा, आणि पेपरला वापरलेली बिल्ड झालेली इमेज स्वतः सेव्ह करून डेटाबरोबर ठेवा. याहून कडक पाहिजे असेल तर निक्स किंवा गिक्स, ते अगदी कंपायलरपर्यंत सगळं बांधून देतात, शिकायला मात्र वेळ लागतो, लॅबमध्ये एकाला तरी आवड असेल तरच त्यात पडा.

क्लस्टरवर डॉकर चालू देत नाहीत, मग?

बरोबर आहे त्यांचं, डॉकरचा मागे चालू राहणारा प्रोग्राम (डीमन) रूटने, म्हणजे मशीनच्या सगळ्या अधिकारांनी, चालतो आणि शेकडो लोकांच्या मशीनवर ते परवडत नाही. आयसर पुण्याच्या परम ब्रह्म सुपरकॉम्प्युटरसारख्या सामायिक मशीनवर (क्लस्टरवर) काम करताना आधी ॲपटेनर आहे का ते बघा. हेच पूर्वीचं सिंग्युलॅरिटी, २०२१ मध्ये लिनक्स फाउंडेशनकडे गेलं तेव्हा नाव बदललं. डॉकरची इमेज ते एका एसआयएफ फाइलमध्ये बदलून घेतं आणि ती साध्या युजरला चालवता येते.

क्लस्टरवर आधीच बसवलेलं सॉफ्टवेअर मॉड्यूल लोड करून वापरत असाल तर नुसतं मॉड्यूल लोड पायथन लिहू नका, व्हर्जनसकट लिहा, कारण डिफॉल्ट ॲडमिन कधीही बदलू शकतात. जॉब स्क्रिप्टच्या सुरुवातीला मॉड्यूल लिस्ट टाकलं की प्रत्येक रनच्या लॉगमध्ये यादी आपोआप उतरते. आणि जुना सेंटओएस ७ असेल तर त्याची सी लायब्ररी २.१७ आहे, नवीन पॅकेजच्या तयार बायनरी त्यावर बसत नाहीत, तिथे कंटेनर हाच सोपा रस्ता.

सीड दिलाय, लॉक आहे, तरी शेवटचे दशांश जुळत नाहीत!

घाबरू नका. कॉम्प्युटरमध्ये बेरजेचा क्रम बदलला तर उत्तर किंचित बदलतं. पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ आधी मिळवून त्यात ०.३ घाला, ०.६००००००००००००००१ येतं, उलट ०.२ आणि ०.३ आधी मिळवून त्यात ०.१ घाला, ०.६ येतं. थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) जास्त असले की क्रम बदलतो, एमकेएल आणि ओपनब्लासचा क्रम वेगळा, जीपीयूवर तर एकाच मशीनवर दोन रनमध्ये फरक दिसतो. थ्रेडची संख्या १ करून बघा, पायटॉर्च या डीप लर्निंगच्या पॅकेजमध्ये डिटरमिनिस्टिक (दर वेळी तेच उत्तर देणाऱ्या) अल्गोरिदमचा स्विच आहे तो लावा. पण वेगवेगळ्या व्हर्जनवर, वेगवेगळ्या मशीनवर तंतोतंत तेच येईल याची हमी पायटॉर्चवाले स्वतःही देत नाहीत. त्यामुळे किती फरक चालेल ते तुमच्या विषयाप्रमाणे आधीच ठरवा आणि तुलना त्या मर्यादेत करा. दहावा दशांश हलला तर सोडून द्या, पी-व्हॅल्यू ०.०४ ची ०.०६ झाली तर मात्र ते राउंडिंग नाही, शोधा.

माझ्या विंडोजवर वेगळं आणि मित्राच्या लिनक्सवर वेगळं, पॅकेजेस सेम आहेत.

आधी फाइल्सचा क्रम तपासा. २०१४ मध्ये नेचर प्रोटोकॉल्समध्ये एनएमआर या रेणूंची रचना ओळखायच्या पद्धतीचे आकडे काढायच्या पायथन स्क्रिप्ट छापून आल्या होत्या, खूप केमिस्ट त्या वापरायचे. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या लोकांच्या लक्षात आलं की तीच स्क्रिप्ट वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर वेगवेगळं उत्तर देते. कारण काय, तर ग्लोब फंक्शन फाइल्सची यादी ज्या क्रमाने देतं तो सिस्टीमवर अवलंबून असतो आणि स्क्रिप्टने तो क्रम लावलेलाच आहे असं धरलं होतं. शंभराहून जास्त पेपर शंकेत आले. दुरुस्ती काय, यादी सॉर्ट करायची. तुमच्या कोडमध्ये ग्लोब किंवा लिस्टडिर असेल तर आत्ताच सॉर्टेड लावून टाका.

सीनियर पास होऊन गेले, त्यांचा कोड मिळालाय, व्हर्जन कुठेच लिहिलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

खुणा शोधायच्या, बऱ्याच सापडतात. ज्युपिटर नोटबुक टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा, अगदी तळाशी पायथनचं पूर्ण व्हर्जन लिहिलेलं असतं. सेव्ह केलेल्या एररमधल्या पाथमध्ये पायथन३.७ असं काहीतरी दिसतं. पिकल केलेलं, म्हणजे फाइलमध्ये साठवलेलं, सायकिट-लर्नचं मॉडेल असेल तर त्याच्या आत व्हर्जन असतं, नव्यात उघडलं की वॉर्निंगमध्येच ते छापून येतं. आरवाल्यांनी सेशन-इन्फो कुठे लॉगमध्ये किंवा एचटीएमएल रिपोर्टच्या शेवटी छापलंय का बघा. थीसिसचं मेथड्स चॅप्टर बघा. आणि फोन करा हो त्यांना, जुना लॅपटॉप बऱ्याचदा घरी तसाच पडलेला असतो.

काहीच नाही मिळालं तर तारीख धरा. फिगर बनली तेव्हाची फाइलची किंवा कमिटची तारीख घ्या, आणि यूव्हीला एक्सक्लूड-न्यूअरमध्ये ती तारीख द्या, मग त्या दिवसानंतर पायपायवर (पायथनच्या पॅकेजेसचं भांडार) आलेलं काहीही ते घेत नाही. आरला पॉझिटच्या त्या तारखेच्या स्नॅपशॉटकडे वळवा. पायथनही त्या काळचंच घ्या, कारण जुन्या पॅकेजच्या तयार बायनरी नव्या पायथनसाठी नसतात, ३.६-३.७ कोंडा-फोर्जवर अजून मिळतात. एम१ आणि त्यापुढच्या मॅकवर असाल तर हे सगळं एएमडी-६४ च्या (इंटेल-छाप प्रोसेसरसाठीच्या) कंटेनरमध्ये करा. चालू झालं की सगळ्यात आधी त्यांच्या पेपरमधलं एक टेबल जसंच्या तसं काढून दाखवा, तोवर कोडमध्ये एक अक्षर बदलू नका.

गिटहबवर टाकलं म्हणजे जपलं ना?

गिटहबवरची रेपो (प्रोजेक्टचं फोल्डर) मालक कधीही डिलीट करू शकतो. पेपरच्या वेळी रिलीज काढा आणि झेनोडोला जोडा, सर्नचं आहे, फुकट आहे, त्या रिलीजची कॉपी ठेवून डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) देतं, पेपरमध्ये तोच द्या. त्याचबरोबर सॉफ्टवेअर हेरिटेज या कोड जपणाऱ्या संग्रहाला रेपोचा पत्ता देऊन सेव्ह करायला सांगा. लॉक फाइल, इमेज, डेटा हे सगळं त्या रिलीजबरोबरच गेलं पाहिजे.

पेपरमध्ये काय लिहायचं?

भाषेचं व्हर्जन, निकाल ज्यांच्यावर उभा आहे त्या चार-पाच पॅकेजची व्हर्जन्स आणि त्यांची सायटेशन्स (लोक फुकट लिहितात, निदान क्रेडिट द्या), ऑपरेटिंग सिस्टीम, जीपीयू वापरला असेल तर तो, आणि बाकीच्यासाठी डीओआय. ‘ॲनालिसिस पायथनमध्ये केलं’ एवढ्या एका ओळीवरून कुणालाही काहीही परत करता येत नाही.

सगळं केलंय, पण बरोबर झालंय हे कळणार कसं?

जी लॉक फाइल दुसऱ्या मशीनवर कधी उघडलीच नाही तिच्यावर भरवसा ठेवू नका. लॅबमधल्या दुसऱ्या कुणाला तरी, शक्यतो नुकत्याच जॉइन झालेल्याला, फक्त रेपोची लिंक द्या आणि त्याच्या लॅपटॉपवर टेबल १ काढायला सांगा. तुम्ही शेजारी बसा पण बोलू नका, कीबोर्डला हात लावू नका. तो जिथे जिथे थांबून तुमच्याकडे बघेल तिथे तिथे रीडमीमध्ये काहीतरी कमी आहे, ते लगेच लिहून घ्या. पाथमध्ये तुमचं युजरनेम असणं, डेटा फोल्डर न सापडणं, तुमच्या मशीनवर कधीतरी ॲप्टने टाकलेली लायब्ररी, हे तीन प्रकार जवळपास दर वेळी निघतात. माणूस मिळत नसेल तर गिटहब ॲक्शन्सवर (गिटहबची कामं आपोआप चालवायची सोय) आठवड्यातून एकदा कोऱ्या मशीनवर इन्स्टॉल आणि एक छोटी टेस्ट लावून ठेवा, डेटा मोठा असेल तर त्याचा शंभर ओळींचा तुकडा चालतो, आणि टेस्टमध्ये नुसतं ‘चाललं’ हे न बघता एक आकडा अपेक्षित आकड्याशी ताडा.